अमेरिकेत फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट व्हायचं असेल तर: पहिल्या चौकशीपासून परवान्यापर्यंत

अमेरिकेत राहायला आलेल्या मराठी मंडळींकडून एक प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. "फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट म्हणजे नक्की काय, आणि दोन वर्षांत खरंच होता येतं का?" विचारणाऱ्यांत आयटीतल्या नोकरीला कंटाळलेले असतात, मुलं शाळेत जायला लागल्यावर पुन्हा काम करू पाहणाऱ्या बायका असतात, आणि नाशिक-पुण्याकडून फिजिओथेरपीची पदवी घेऊन आलेले तरुणही असतात. तिघांची वाट वेगळी आहे. कुठल्याही कॉलेजला अर्ज भरण्याआधी आपण यातले कोण, हे ठरवावं लागतं.

मी हे काम करते आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यामुळे हा लेख लिहिताना माझा एकच आग्रह आहे: या कामाकडे 'थेरपिस्ट होता आलं नाही म्हणून' असं बघून येऊ नका. याला स्वतःचं शिक्षण आहे, स्वतःची परीक्षा आहे, स्वतःचा परवाना आहे आणि स्वतःच्या मर्यादा आहेत. त्या मर्यादा समजून घेऊन जो येतो, तो इथे टिकतो.

काम काय असतं

अमेरिकेत याला सगळे 'पीटीए' म्हणतात. फिजिकल थेरपिस्ट, म्हणजे आपल्याकडचा फिजिओथेरपिस्ट, तो 'पीटी'. पीटी रुग्णाची पहिली तपासणी करतो, निदान करतो, उद्दिष्टं ठरवतो, उपचाराचा आराखडा लिहितो आणि शेवटी रुग्णाला उपचारातून मोकळं करायचं की नाही हेही तोच ठरवतो. त्या आराखड्यातले उपचार पीटीए प्रत्यक्ष देतो, प्रगती मोजतो, नोंदवतो आणि पीटीला कळवतो. पीटीए कायम पीटीच्या देखरेखीखाली काम करतो. ही देखरेख किती जवळून हवी, हे राज्याच्या कायद्यावर आणि कामाच्या जागेवर ठरतं.

ही भूमिका तशी फार जुनी नाही. १९६५ साली मेडिकेअरचा कायदा झाला, वृद्धांच्या उपचाराचा खर्च सरकार उचलू लागलं आणि थेरपिस्ट कमी पडू लागले. १९६७ मध्ये अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनने या पदाला मान्यता दिली. फ्लोरिडात मायामी डेड आणि मिनेसोटात सेंट कॅथरिन कॉलेजचं सेंट मेरीज कॅम्पस इथून १९६९ मध्ये पहिले पीटीए बाहेर पडले. म्हणजे सुरुवातीपासूनच ही जोडीने काम करण्याची रचना आहे: आराखडा एकाचा, अंमल दुसऱ्याचा, जबाबदारी दोघांची.

नियम वाचून हे काम कळत नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, सत्तरीतल्या एका बाईंचा खुबा बदलला आहे आणि शस्त्रक्रिया मागच्या बाजूने केली आहे. पीटीच्या आराखड्यात आहे: वॉकर घेऊन दीडशे फूट चालणं, चार पायऱ्या चढणं-उतरणं, खुब्याच्या सावधगिरीचे नियम पाठ होणं.

खोलीत पाऊल टाकण्याआधी पीटीए फाइल उघडतो. पीटीची तपासणी, सर्जनची सूचना, ऑपरेट केलेल्या पायावर किती वजन टाकायची परवानगी आहे, रात्री काही झालं का, वेदनेची गोळी कधी दिली. मग खोलीत जाऊन नाडी आणि रक्तदाब. व्हीलचेअरचे ब्रेक लावलेले आहेत ना. कमरेला गेट बेल्ट, म्हणजे रुग्णाला धरण्यासाठीचा पट्टा. बाई पलंगाच्या कडेला बसल्या की सावधगिरी पुन्हा सांगायची: खुबा नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. उभ्या राहिल्यावर पुन्हा रक्तदाब बघायचा. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा वीस किंवा खालचा दहाने घसरला, तर चक्कर येण्याचा धोका आहे आणि चालणं थांबवावं लागतं.

सगळं ठीक असेल तर चालायला सुरुवात. आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. बाई चाळीस फुटांवर दमल्या तर खुर्ची जवळ ओढायची, विश्रांती द्यायची, पुन्हा उठवायचं. खुर्ची फार बुटकी असेल तर उंच करायची, व्यायामाची आवर्तनं कमी करायची. हे सगळे निर्णय पीटीए स्वतः घेतो, कारण ते आराखड्याच्या आतले आहेत.

पण पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी दिसली तर? शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. तिथे थांबायचं, नर्सला सांगायचं, पीटीला कळवायचं. व्यायाम बदलून बघायचा नाही. बाईंना घरी गेल्यावर देवापुढे खाली बसायचं आहे, असं त्या म्हणाल्या तर 'बसाल हो' असं सांगून मोकळं व्हायचं नाही. ते उद्दिष्ट पीटीच्या कानावर घालायचं. खाली बसणं-उठणं हे इथल्या बहुतेक रुग्णांच्या यादीत नसतंच, त्यामुळे कोणी आवर्जून सांगितल्याशिवाय ते आराखड्यात येत नाही. अशा वेळी मराठी कळणाऱ्या पीटीएचा खरा उपयोग होतो.

या कामाचं मोठं कौशल्य माझ्या मते हेच: कुठवर आपण स्वतः बदल करायचा आणि कुठे हात थांबवून विचारायचं. कॉलेजची दोन वर्षं बरीचशी याच सरावात जातात.

पीटीएने काय करू नये हेही पक्कं लक्षात घ्या. पहिली तपासणी, निदान, उद्दिष्टं बदलणं, डिस्चार्जचा निर्णय ही कामं त्याची नाहीत. सांधा झटक्याने हलवण्याचं तंत्र पीटीकडेच राहावं, असं या व्यवसायाचं सर्वसाधारण धोरण आहे, आणि बारकावे राज्यागणिक बदलतात. 'आमच्याकडे सगळेच करतात' असं एखादा मालक म्हणाला तरी परवाना तुमचा असतो, त्याचा नव्हे.

एक गोंधळ इथेच मिटवू. 'एड' आणि 'असिस्टंट' ही दोन वेगळी पदं आहेत. एडला परवाना लागत नाही, काम नोकरीतच शिकवतात, आणि तो साधनं आवरणं, रुग्णाला ने-आण करणं, टेबल तयार ठेवणं अशी कामं करतो. पगारातही मोठं अंतर आहे. अमेरिकी सरकारच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या मे २०२३ च्या आकड्यांनुसार पीटीएचं मध्यम वार्षिक वेतन ६४,०८० डॉलर होतं आणि पीटीचं ९९,७१० डॉलर. एडचं वेतन पीटीएच्या साधारण निम्मं. नोकरीची जाहिरात वाचताना पद नीट बघा.

पायरी पहिली: कागदपत्रं आणि व्हिसा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण मी तो मुद्दाम आधी ठेवते. दोन वर्षं शिकून झाल्यावर नोकरीच करता येत नाही असं कळणं फार वाईट.

पीटीए हे दोन वर्षांच्या असोसिएट पदवीवर मिळणारं पद आहे. एच-१बी व्हिसासाठी किमान चार वर्षांच्या पदवीची गरज असलेलं काम लागतं, त्यामुळे पीटीएच्या नोकरीवर एच-१बी मिळेल असं धरून चालू नका. ग्रीन कार्डासाठी पीटी आणि नर्स यांना 'शेड्यूल ए' या यादीमुळे जी वेगळी वाट मिळते, तीही पीटीएसाठी नाही. म्हणून भारतातून केवळ या पदासाठी अमेरिकेत येण्याचा बेत मी कोणालाच सुचवत नाही. ज्यांच्याकडे नागरिकत्व, ग्रीन कार्ड किंवा काम करण्याचा परवाना आधीच आहे, त्यांच्यासाठी ही वाट सरळ आहे.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी असलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्यांना शिकायला अडचण नसते. काम करायचं तर ईएडी, म्हणजे काम करण्याचा परवाना हवा. तो २०१५ पासून एच-४ वरच्या काही जोडीदारांना मिळतो, सरसकट सगळ्यांना नाही. साथीदाराचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी मालकाने भरलेला अर्ज, मंजूर झालंय का, इथून चौकशी सुरू करा. शिवाय अनेक राज्यांच्या परवान्याच्या अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांक मागतात आणि कॉलेजही पार्श्वभूमी तपासणीसाठी तो विचारतं. तुमच्याकडे नसेल तर पर्याय काय, हे कॉलेजच्या आणि परवाना देणाऱ्या राज्याच्या बोर्डाच्या कार्यालयाला ईमेलने विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका. व्हिसाच्या बाबतीत शेवटचा शब्द इमिग्रेशन वकिलाचा.

तुम्ही भारतात फिजिओथेरपिस्ट असाल तर

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीटीएच ही फिजिओथेरपीची पदवी म्हणजे इंटर्नशिप धरून साडेचार वर्षं. इतकं शिकून 'असिस्टंट' व्हायचं का, हा प्रश्न बोचतो. तो बोचणं मला समजतं.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली, पीटी म्हणूनच परवाना मिळवण्याची. त्यासाठी तुमच्या अभ्यासक्रमाची अमेरिकन अभ्यासक्रमाशी विषयवार तुलना होते. हे काम बहुतांशी एफसीसीपीटी ही संस्था करते. आता इथे पीटी होण्यासाठी पदवीनंतर तीन वर्षांची डॉक्टरेट, म्हणजे डीपीटी लागते. त्या मापाने मोजल्यावर आपल्याकडच्या पदवीत काही विषय किंवा क्रेडिट कमी पडू शकतात, आणि ती कमतरता अभ्यासक्रम करून भरून काढावी लागते. इंग्रजीची टोफेल परीक्षा आणि पीटीची राष्ट्रीय परीक्षा वेगळी. वेळ लागतो, पैसे लागतात, पण तुमचं वय आणि घरची परिस्थिती परवानगी देत असेल तर ही वाट आधी तपासा, असं मी ठामपणे सांगेन.

दुसरी वाट पीटीएची. काही राज्यं परदेशात शिकलेल्या फिजिओथेरपिस्टचा पीटीए परवान्यासाठी थेट विचार करतात, काही करत नाहीत आणि तुम्हाला इथला पीटीए अभ्यासक्रमच करायला लावतात. शेजारच्या राज्यातल्या मैत्रिणीचं जमलं म्हणून तुमचं जमेलच असं नाही. राज्याच्या बोर्डाचा नियम वाचा आणि मगच मूल्यमापनाचे पैसे भरा. ही वाट घेतलीत तर एक सवय मोडावी लागेल. भारतात तुम्ही स्वतः रुग्ण तपासत होता, निदान करत होता. इथे पीटीए म्हणून ते डोक्यात आलं तरी कागदावर आणि तोंडावर येता कामा नये. निरीक्षण पीटीला सांगायचं, निर्णय त्याचा. अनुभवी माणसाला हे जड जातं. ते आपल्याला मान्य आहे का, याचा विचार आधीच करा.

पायरी दुसरी: आधी काम बघून या

बऱ्याच कॉलेजांना प्रवेशाआधी निरीक्षणाचे तास लागतात. नसले लागत तरी करा. क्लिनिकला फोन करा, 'मला पीटीए अभ्यासक्रमाला अर्ज करायचा आहे, निरीक्षण करू द्याल का' असं साधं विचारा. नकार आला तर दुसरीकडे विचारा.

एकाच जागी सगळे तास भरू नका. खेळाडूंचं, पाठदुखी-खांदेदुखीचं क्लिनिक बघायला आकर्षक असतं, आणि सगळे तिथेच जातात. पण पीटीएचं पुष्कळ काम रुग्णालयात, स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटीत (रुग्णालयानंतर शुश्रूषा आणि थेरपीसाठी राहण्याच्या जागेत) आणि रुग्णाच्या घरी चालतं. तिथे वास असतात, कपडे ओले झालेले असतात, स्मृतिभ्रंश झालेले आजोबा हात झटकतात, आणि अर्धांगवायूनंतर पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभी राहिलेली बाई ढसाढसा रडते. हे बघून तुमच्या मनात काय येतं, याकडे लक्ष द्या. किळस आली तर आली. माणूस त्यातून सावरतो. पण त्या आजोबांचा राग आला असेल तर थोडं थांबून विचार करा.

शरीराचाही विचार हवा. दिवसभर उभं राहणं, वाकणं, पडू लागलेल्या माणसाला आधार देणं हे रोजचं आहे. पाठीचा जुना त्रास असेल तर डॉक्टरांशी बोला.

पायरी तिसरी: पूर्वअभ्यास

शरीररचना आणि शरीरक्रिया हे प्रयोगशाळेसह दोन सेमिस्टरचे विषय जवळजवळ सगळीकडे लागतात. त्याबरोबर इंग्रजी लेखन, गणित किंवा संख्याशास्त्र, मानसशास्त्र, बऱ्याचदा वैद्यकीय परिभाषा, काही ठिकाणी भौतिकशास्त्र. 'दोन वर्षांत होतं' हे उत्तर अर्धंच खरं आहे ते इथे: पूर्वअभ्यास धरला तर नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला तीन वर्षं सहज लागतात.

भारतातल्या गुणपत्रिकांचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. कॉलेज कुठल्या संस्थेचं मूल्यमापन मान्य करतं ते आधी विचारा. आणि विद्यापीठाकडून थेट सीलबंद प्रत मागवायची असेल तर आजच कामाला लागा. मुंबईत किंवा नागपुरात राहणाऱ्या भावाला-बहिणीला त्या खिडकीवर उभं राहावं लागेल, आणि त्याला वेळ लागतो. काही कॉलेजं जुने विज्ञान विषय धरत नाहीत. दहा वर्षांपूर्वी शिकलेली शरीररचना पुन्हा शिकावी लागली तर वाईट वाटून घेऊ नका, पुढे तिचाच आधार असतो.

पायरी चौथी: कॉलेज निवडणं

इथे एक नियम बाकी सगळ्यांच्या वरचा आहे. अभ्यासक्रमाला 'कॅप्टी' या संस्थेची अधिस्वीकृती हवी. ती नसेल तर राष्ट्रीय परीक्षेला बसण्याची वाट बंद होते, मग इमारत कितीही छान असो आणि जाहिरात कितीही गोड असो. नव्या अभ्यासक्रमांना 'उमेदवार' दर्जा असतो, म्हणजे अधिस्वीकृतीकडे वाटचाल सुरू आहे, पण ती मिळेलच याची हमी नाही. कॅप्टीच्या संकेतस्थळावर यादी आहे. कॉलेजच्या माहितीपत्रकावर न जाता तिथे नाव शोधा.

त्यानंतर तीन आकडे बघा: किती विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करतात, किती जण परीक्षा पास होतात, कितींना नोकरी लागते. हे आकडे जाहीर करणं कॉलेजांना बंधनकारक आहे. परीक्षेत शेवटी पास होणाऱ्यांचं प्रमाण दोन वर्षांच्या सरासरीने किमान ८५ टक्के असावं, अशी कॅप्टीची अट आहे. पण मी आधी बघते ती पूर्ण करणाऱ्यांची संख्या. एखाद्या कॉलेजचा निकाल शंभर टक्के असेल आणि वर्गातले निम्मे लोक वाटेतच गळाले असतील, तर ते का गळाले हे विचारलंच पाहिजे.

पैशाच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: जमत असेल तर सरकारी कम्युनिटी कॉलेज. पदवी तीच, परीक्षा तीच, परवाना तोच, पगारही तोच. खासगी संस्थेत खर्च कितीतरी पटीने वाढू शकतो आणि ते कर्ज या पगारातून फेडायचं असतं. कम्युनिटी कॉलेजात जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी, हे खरं. म्हणून एक वर्ष थांबून पूर्वअभ्यासाचे गुण सुधारणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. राज्याचे रहिवासी म्हणून कमी शुल्क मिळवायला बहुतेक ठिकाणी वर्षभराचं वास्तव्य लागतं, आणि काही व्हिसांवर तो दर्जा मिळत नाही, तेही तपासा.

पायरी पाचवी: ती दोन वर्षं

अभ्यासक्रम साधारण पाच सेमिस्टरचा असतो. अंदाजे तीन चतुर्थांश भाग वर्गात आणि प्रयोगशाळेत, उरलेला चौथा भाग प्रत्यक्ष रुग्णांबरोबर, म्हणजे सरासरी सोळा आठवडे पूर्णवेळ. त्या आठवड्यांत पगार मिळत नाही आणि दुसरी नोकरी करणं जवळपास अशक्य होतं. घरखर्चाचं गणित त्या हिशेबाने आधीच मांडा. क्लिनिकच्या आधी लसीकरणाच्या नोंदी, क्षयाची चाचणी, सीपीआरचं प्रमाणपत्र, पार्श्वभूमी तपासणी आणि बहुधा अमली पदार्थांची चाचणी लागते. आपल्याकडे लहानपणी बीसीजी लस दिलेली असते, त्यामुळे क्षयाची त्वचेवरची चाचणी सकारात्मक येऊ शकते. घाबरू नका. रक्तचाचणीचा पर्याय मागा.

शिकवतात काय? स्नायू आणि सांधे, हालचालीचं शास्त्र, मज्जासंस्थेचे आजार, हृदय आणि फुप्फुसं, लहान मुलं, वृद्ध, जखमा, कृत्रिम पाय. सांध्याची हालचाल गोनिओमीटरने अंशांत मोजणं. स्नायूंची ताकद हाताने तपासणं. गरम आणि थंड शेक, अल्ट्रासाउंड, विजेचं उद्दीपन कधी द्यायचं आणि कधी मुळीच द्यायचं नाही.

या सगळ्याचं खरं मोजमाप होतं प्रात्यक्षिक परीक्षेत. समोर सहविद्यार्थी रुग्ण बनून बसलेला असतो, शिक्षक हातात कागद घेऊन उभे. तुम्ही व्यायाम उत्तम शिकवलात, स्नायूंची नावं घडाघडा सांगितलीत, आणि रुग्णाला उठवताना व्हीलचेअरचा ब्रेक लावायचा विसरलात, तर बहुतेक कॉलेजांत तिथेच नापास. सुरक्षिततेची चूक बाकीच्या गुणांनी भरून निघत नाही. हे कठोर वाटतं, पण खुबा मोडलेल्या आजी दुसऱ्यांदा पडल्या तर काय होतं हे एकदा बघितलेला कुणीही या नियमाच्या बाजूने उभा राहील. घरी सराव करताना नवऱ्याला, बायकोला, मुलांना खुर्चीवर बसवा आणि प्रत्येक वेळी ब्रेक, बेल्ट, पादत्राण, मोकळी जमीन हे चार शब्द मोठ्याने म्हणा. तोंडाला सवय लागली की हात आपोआप जातो.

आपल्या मुलांमुलींना एक अडचण हमखास येते. वर्गात एकमेकांच्या अंगाला हात लावून शिकावं लागतं. पाठ, मांडी, खांदा उघडा ठेवावा लागतो. सुरुवातीला संकोच होतो. शिक्षकांना तसं सांगितलं तर जोडीदार निवडायला बहुधा मुभा मिळते. पण हा टप्पा टाळता येत नाही, कारण स्नायू बोटांना सापडायला शिकावं लागतं. दुसरी अडचण बोलण्याची. आपण मोठ्यांना आज्ञा करायला कचरतो, आणि रुग्णाला तर स्पष्ट, छोटी, एकेकच सूचना हवी असते. 'जरा पुढे याल का प्लीज, आणि मग जमलं तर हात ठेवा' यात रुग्ण गोंधळतो. 'पुढे सरका. हात खुर्चीवर. उठा.' यात उद्धटपणा नाही, सुरक्षितता आहे.

क्लिनिकमध्ये तुम्हाला एक मार्गदर्शक मिळतो. तो पीटी असेल किंवा पीटीए. त्याच्याकडून शिकण्याची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे रुग्ण गेल्यानंतरची पाच मिनिटं. 'तुम्ही तो व्यायाम मध्येच का थांबवलात?' असा एक नेमका प्रश्न रोज विचारा.

पायरी सहावी: राष्ट्रीय परीक्षा

परीक्षेचं नाव एनपीटीई, आणि ती घेते एफएसबीपीटी ही राज्यांच्या बोर्डांची संघटना. पीटीएसाठी ती वर्षातून चार वेळा ठरलेल्या तारखांना होते. संगणकावर, चार तास, १८० बहुपर्यायी प्रश्न. त्यातले १४० गुणांत धरले जातात. उरलेले चाचणीसाठी मिसळलेले असतात आणि ते कुठले हे कळत नाही. गुण २०० ते ८०० च्या मापावर, पास व्हायला ६००. बारा महिन्यांत तीनदा आणि आयुष्यात एकूण सहादा बसता येतं, त्यामुळे 'अनुभव म्हणून देऊन बघू' हा विचार सोडा.

प्रश्न पाठांतराचे कमी आणि निर्णयाचे जास्त असतात. रुग्ण असा आहे, आराखड्यात हे लिहिलंय, आज हे लक्षण दिसलं, पीटीएने आधी काय करावं? चारपैकी दोन उत्तरं वैद्यकीयदृष्ट्या बरोबर वाटतात, पण त्यातलं एक पीटीचं काम असतं. भारतातून फिजिओ होऊन आलेले हुशार लोक इथेच अडकतात. सराव परीक्षा पूर्ण चार तासांच्या, सलग बसून द्या.

पायरी सातवी: परवाना

परीक्षा राष्ट्रीय असली तरी परवाना राज्य देतं. अर्ज, शुल्क, बोटांचे ठसे, आणि काही राज्यांत त्या राज्याच्या कायद्यावर वेगळी छोटी परीक्षा. राज्य बदललं तर नवा परवाना लागतो. पण अनेक राज्यं आता पीटी कॉम्पॅक्ट या करारात आहेत. तुमचं मूळ राज्य त्यात असेल तर दुसऱ्या सदस्य राज्यात काम करण्याचा हक्क तुलनेने लवकर मिळतो. साथीदाराच्या नोकरीपायी राज्यं बदलणाऱ्या कुटुंबांना याचा फार फायदा होतो. परवान्याचं नूतनीकरण ठरावीक काळाने करावं लागतं आणि बहुतेक राज्यांत त्यासाठी निरंतर शिक्षणाचे तास भरावे लागतात.

पहिली नोकरी

पहिल्या नोकरीत पगारापेक्षा शेजारी कोण आहे ते बघा. मुलाखतीत विचारा: माझ्या रुग्णांचा पीटी इमारतीत असेल का, की फोनवर? नव्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत कोण मार्गदर्शन करेल? दिवसाला किती रुग्ण? किती टक्के वेळ थेट उपचारात दाखवावा लागतो, आणि नोंदी लिहायला वेळ मिळतो की त्या घरी न्याव्या लागतात? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर सावध व्हा.

देखरेखीचा मुद्दा आता जास्तच महत्त्वाचा झाला आहे. खासगी क्लिनिकमध्ये मेडिकेअरचा रुग्ण असेल तर पूर्वी पीटी त्याच जागेत हजर लागायचा. १ जानेवारी २०२५ पासून मेडिकेअरने ही अट सैल केली आणि पीटी संपर्कात असला तरी चालतं. अर्थात राज्याचा कायदा कडक असेल तर तोच पाळावा लागतो. अनुभवी पीटीएला हे सोयीचं आहे. नव्या माणसाने मात्र निदान पहिलं वर्ष पीटी जवळ असलेली जागा धरावी.

पैशाची रचनाही समजून घ्या, कारण तुमच्या वेळापत्रकामागे तीच असते. बाह्यरुग्ण विभागात मेडिकेअर उपचाराचे पैसे वेळेच्या एककात मोजतं: ८ ते २२ मिनिटं म्हणजे एक एकक, २३ पासून दोन. २०२२ पासून पीटीएने दिलेल्या अशा उपचाराला पीटीच्या दराच्या ८५ टक्केच पैसे मिळतात. त्यामुळे काही क्लिनिकं मेडिकेअरचे रुग्ण पीटीएकडे कमी देतात. हा तुमच्या गुणवत्तेवरचा शेरा मानू नका. आणि मिनिटं मात्र जितकी दिली तितकीच लिहा. एकवीस मिनिटांची तेवीस करायला कोणी सांगितलं, तर त्या नोंदीखाली सही तुमची असते.

नोंद लिहिण्याबद्दल थोडं. 'रुग्णाने व्यायाम चांगला केला' या वाक्याचा कुणालाही उपयोग नाही. 'वॉकरने साठ फूट, वळताना तोल गेला, कमरेला हाताचा हलका आधार, दोनदा विश्रांती, नंतर नाडी ९६' असं लिहिलं की उद्या येणाऱ्या पीटीला पुढचा निर्णय घेता येतो. रुग्ण काय म्हणाला, तुम्ही काय मोजलं, त्यातून काय दिसतं, पुढे काय, या क्रमाने लिहायची सवय पहिल्या आठवड्यापासून लावा.

पुढे पीटी व्हायचं मनात असेल तर आधी चार वर्षांची पदवी आणि मग डीपीटी, हा नेहमीचा मार्ग. पीटीएंसाठी खास जोडअभ्यासक्रम मोजकेच आहेत. ओहायोतल्या फिंडली विद्यापीठाचा त्यात जुना आणि माहितीतला. भारतातली पदवी आधीच असेल तर तिचं मूल्यमापन डीपीटीच्या प्रवेशाला चालेल का हे पीटीए कॉलेजात असतानाच विचारून ठेवा. पण मी ओळखते त्यातल्या बऱ्याच जणी पीटीए म्हणूनच राहिल्या आहेत आणि वृद्धांच्या किंवा मज्जासंस्थेच्या रुग्णांमध्ये पारंगत झाल्या आहेत. त्यांच्याशी सल्लामसलत केल्याशिवाय त्यांच्या विभागातले पीटी आराखडा बदलत नाहीत.